अण्णांची हळद

माझ्या शिक्षणाचा पैसा हळदीतून आला. माझे वडील, अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हंगामात ते हरिपूरच्या पेवांवर हळद भरायला नि काढायला जायचे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद नि पोटात ऐसपैस कोठार. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. आणि म्हणूनच आत उतरणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका. पेव उघडलं की अण्णा बराच वेळ तसंच राहू देत, मग दोरीने पेटता कंदील आत सोडत. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण ते शास्त्र आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

पोत्यांनी अण्णांचा खांदा धरला की आई आंबेहळद उगाळून कोमट लेप घालायची. कापलं-खरचटलं तर डब्यातली चिमूटभर हळद, खोकल्याला हळदीचं दूध. फार्मसीला गेल्यावर छापील पुस्तकात असेल तेवढंच ज्ञान, असं मी धरून चालले. मग हळदीच्या पेटंटचा वाद वाचनात आला. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक शोधनिबंध पुरावा म्हणून मांडला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आईची चिमूट त्या दिवसापासून मला वेगळी दिसू लागली.

पुढे मी औषधाच्या दुकानात उभी राहिले, तेव्हाही घरच्या सवयींनीच मला सावध ठेवलं. हळदीतलं कर्क्युमिन हे शंभरात साधारण दोन ते पाच भाग. पोटातून रक्तात ते फार थोडं उतरतं. मिऱ्यातल्या पायपरिनमुळे ते जास्त शोषलं जातं. आई दुधात मिरपूड नि तूप घालायची, ते आठवून मी थबकले होते. पण कर्करोग बरा होतो म्हणून कुणी हळदीच्या कॅप्सूल मागितल्या, तर तसं सिद्ध झालेलं नाही, हे मी स्पष्ट सांगते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा म्हणते. स्वयंपाकातली हळद वेगळी, औषधाच्या मात्रेतली वेगळी.

एकदा मी झगझगीत पिवळी पूड घरी आणली. अण्णा म्हणाले, "पूड कशाला घेतीस? हळकुंड घे." दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून त्यांनी खणखणीत आवाज ऐकवला, एक मोडून आतला नारिंगी रंग दाखवला. पुडीत लेड क्रोमेट मिसळतात, त्यातलं शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. ती भेसळ घरात येण्याची शक्यता कमी करण्याचा साधा मार्ग मात्र अण्णांकडून मिळाला.

२००५ च्या महापुरात हरिपूरची पुष्कळ पेवं पाण्याखाली गेली, आणि ते काम आटत गेलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अण्णा आता थकलेत. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन मी त्यांच्याजवळ बसते. हळदीचे जेठे गड्डे, बगल गड्डे, सोरा गड्डे यांतला फरक, पेवाचं तोंड बंद करायची रीत, असं सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवते. काहिलीत हळद शिजवण्याचा भाग अजून राहिलाय.