डेस्मॉइडची गाठ आणि माझा बदललेला सल्ला

गाठ म्हटली की ती काढायचीच, हे मी वर्षानुवर्षं मानलं आणि गोंडपिपरीत माझ्याकडे येणाऱ्यांना तसंच सांगितलं. इथला माणूस मजुरी बुडवून चंद्रपूर, तिथून नागपूर गाठतो. एकदाच जा, कापून मोकळे व्हा, हा हिशेब मला माणुसकीचा वाटे. डेस्मॉइड गाठीपुरता तो मी सोडला आहे.

सीझरच्या जुन्या व्रणाजवळ टणक गाठ घेऊन एक तरुण आई आली आणि मला हा विषय मुळापासून वाचावा लागला. वर्षाला दहा लाखांत जेमतेम पाच-सहा जणांना होणारा हा आजार. गाठ फुप्फुसात, यकृतात पसरत नाही. पण शेजारच्या स्नायूंत घुसते आणि कापल्यावर पुष्कळदा तिथंच परत येते.

माझं मत फिरवलं ते सोराफेनिब या गोळीच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनं. गोळी घेणाऱ्यांपैकी 33 टक्के जणांची गाठ लक्षणीय आक्रसली. पण ज्यांच्या गोळीत औषधच नव्हतं, त्यांच्यातही 20 टक्क्यांची आक्रसली! पाचांतल्या एकाची गाठ औषधाविना उतरत असेल, तर पहिल्याच दिवशी पोटाची भिंत कापा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? 2020 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून केलेली शिफारसही हीच: तुकडा तपासून निदान पक्कं करा, मग आधी लक्ष ठेवा. पहिला एमआरआय एक-दोन महिन्यांत पुन्हा, नंतर तीन ते सहा महिन्यांनी.

एमआरआयचं महत्त्वही मला तेव्हाच पटलं. त्याच्या टी-2 चित्रात पेशींनी भरलेला भाग उजळ दिसतो. कोलॅजन साठत गेलं की तोच गडद होतो. माप तेवढंच असूनही गाठ निवत चालल्याचं त्यावरून कळू शकतं. ती वाढतच राहिली, फार दुखू लागली, नस किंवा आतडं दाबू लागली, तर मेथोट्रेक्सेट-विनब्लास्टिन, सोराफेनिब, क्वचित शस्त्रक्रिया आहेच.

ही सवड मात्र तुकडा तपासून डेस्मॉइड ठरलेल्या गाठीलाच आहे, दुसऱ्या कुठल्या गाठीला नाही. आणि तपासणीविना थांबणं म्हणजे हेळसांड. म्हणून माझी विनंती: पहिल्या एमआरआयची फिल्म आणि सीडी जपून ठेवा, प्रत्येक वेळी सोबत न्या. तेंदूपत्त्याचा हंगाम असो की धानाची रोवणी, ठरलेली तारीख चुकवू नका.