मंडालेचा राजा, रत्नागिरीचा टिळक

थिबा पॅलेस पाहायला रत्नागिरीकर जात नाहीत. पाहुण्यांना दाखवायला जातात. मीही आजवर कितीतरी पाहुण्यांना तो दाखवला आहे. जांभ्याच्या तांबड्या भिंती, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचे लाकडी कोरीवकाम, आणि त्यासोबत दोन ठरलेली वाक्ये : "ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवला." पुढे थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पाहायची, सूर्यास्त बरा झाला तर छायाचित्र काढायचे आणि घरी यायचे. शहर दाखवण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली होती की त्या दोन वाक्यांच्या मागे काही उरले असेल अशी शंकाही मला आली नाही.

शंका आली ती एका विद्यार्थिनीमुळे. द्वितीय वर्षाच्या मुलांना घेऊन गेले होते. तिने विचारले, "मॅडम, टिळक मंडालेला होते ना? मग राजा इथे आणि टिळक तिथे, हे एकाच वेळी?"

प्रश्न तारखांचा होता, आणि तारखा मला ठाऊक होत्या. टिळक आळीतले ते कौलारू घर, २३ जुलै १८५६ हा जन्मदिवस, १९०८ ची शिक्षा, १९१४ ची सुटका. थिबाच्याही ठाऊक होत्या : नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले सोडले, मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी, मृत्यू डिसेंबर १९१६. पण हे दोन्ही हिशेब मी दोन वेगळ्या वह्यांत मांडले होते. एक राष्ट्रीय चळवळीच्या, दुसरा स्थानिक पर्यटनाच्या. ते शेजारी ठेवले की सहा वर्षे असा देखावा दिसतो : रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदी आहे, आणि मंडालेत राज्य केलेला माणूस रत्नागिरीत. त्यातही टिळकांचा तुरुंग होता तो मंडालेच्या जुन्या राजनगरीच्या तटाच्या आत. ज्या खंदकाच्या पलीकडे थिबाचे सिंहासन होते, त्याच खंदकाच्या पलीकडे बसून १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. आणि पंचवीस वर्षे बंगल्यांतून दिवस काढलेल्या थिबाला इंग्रजांनी बांधून दिलेला हा राजवाडा राहायला मिळाला, तोही १९१० मध्येच.

याला योगायोग म्हणावेसे वाटते, पण तो पुरता योगायोग नव्हे. साम्राज्याला माणसे हलवण्याची सवयच होती. बहादूरशाह जफर रंगूनला नेला गेला आणि १८६२ मध्ये तिथेच वारला. अशांतीचा राजा प्रेम्पेह १९०० मध्ये सेशेल्सला धाडला गेला. ज्याच्या नावाने लोक एकत्र येतात त्याला अशा ठिकाणी ठेवायचे, जिथे त्याची भाषा कुणाला कळत नाही. रत्नागिरी त्यासाठी सोयीची होती. पाठीमागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले, त्यामागेही ही गैरसोयच असणार. (आपण ज्याला कोकणचे निवांतपण म्हणतो, ते सरकारच्या दफ्तरात बहुधा वेगळ्या नावाने नोंदलेले असेल.)

त्या दिवशी मुलांना एवढे सांगितले आणि स्वतःवर थोडी खूशही झाले. घरी आल्यावर मात्र एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती खुशी टिकली नाही.

आमच्या लहानपणी गावात एक म्हातारी होती, जिच्याविषयी मोठी माणसे हसून सांगत, "ही राजाची नात बरं का!" आम्ही मुलेही हसत असू. थिबाच्या थोरल्या राजकन्येला राजवाड्यावर नोकरीत असलेल्या गोपाळ सावंतांपासून १९०६ मध्ये मुलगी झाली, ती ही टूटू. राजघराणे १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टूटूने शेणी थापल्या, कागदाची फुले करून विकली, मराठीत संसार केला, आणि २००० मध्ये गेली. त्याच वर्षी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली. ती मी पुढे वर्गात शिकवली. निर्वासन, स्मृती, साम्राज्य हे शब्द फळ्यावर लिहिले. ज्या बाईकडे बोट दाखवून आम्ही हसलो होतो ती या शब्दांपैकी कशात बसते, हे मी मुलांना कधी सांगितले नाही. मुळात ती माझ्या लक्षातच नव्हती. माझ्याच गावाची हकिकत मला इंग्रजीतून परत मिळावी याचे वैषम्य वाटते. पण ती मराठीतून माझ्या दारावरून रोज जात होती आणि मी ऐकली नाही, याचे अधिक वाटते.

पुढच्या खेपेला मुलांना आधी शिवाजीनगरातल्या समाधीवर नेले. थिबा आणि धाकटी राणी इथे आहेत. मृतदेह मायदेशी न्यावा अशी थोरल्या राणीची, सुपायालतची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही आणि १९१९ मध्ये इथे दफन झाले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन येऊन नमस्कार करून गेले, तेव्हा गावात बरीच गर्दी झाली होती. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हते. मी टूटूविषयी सांगितले. माझ्या हसण्यासकट सांगितले. मुले गप्प होती. मग एकाने विचारले, "त्यांचं घर कुठे होतं, मॅडम?"

मी हाताने दिशा दाखवली, आणि आम्ही चालायला लागलो.