वाऱ्याला शिस्त

मळणीयंत्रे येण्यापूर्वी इंदापूरकडील खळ्यांवर ज्वारीची उफणणी वाऱ्याच्या मर्जीने चाले. शेतकरी भरली पाटी उंच धरून वाऱ्याची वाट पाही. वारा पडला, की हात थांबत. तो गिरक्या घेऊ लागला, की भूस पुन्हा दाण्यांत येई. सारखा आणि सरळ वाहणारा वाराच दाणा व भूस वेगळे करी.

विमानाची पारख करणाऱ्यालाही असाच वारा हवा असतो. पण त्याला वाट पाहत बसणे परवडत नाही. तो बोगद्यातच वारा निर्माण करतो. पंख्याने ढकललेली हवा मात्र गिरक्या घेत येते. म्हणून तिला प्रथम मधाच्या पोळ्यासारख्या चौकटीतून नेतात. तेथे त्या गिरक्या मोडतात. पुढील बारीक जाळ्या तिचा कमीअधिक वेग सारखा करतात. मग बोगदा निमुळता होतो, आणि संथ हवा वेग घेऊन विमानाच्या प्रतिकृतीवरून एका दिशेने वाहते.

जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांनी असे बोगदे उभारले. विष्णू माधव घाटगे हे मराठी अभियंते त्यांचेच शिष्य. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी. २ हे विमान १९५१ साली उडाले. ते होते नवशिक्या वैमानिकांसाठी!

इंदापूरशेजारच्या बारामतीच्या धावपट्टीवरूनही नवशिके वैमानिक उड्डाणाचे धडे घेत आले आहेत. पंखातील दोष बोगद्यात उघडा पडला, तर नवी प्रतिकृती करता येते. आकाशात उघडा पडला, तर गेलेला जीव परत येत नाही. म्हणूनच वाऱ्यावर स्वार होण्याआधी माणसाने त्याला बोगद्यात शिस्त लावली.