हडपसरचा टब

गाडीतळाचा फ्लायओव्हर उतरताना मान वर केलीत, तर नव्या टॉवर्सची होर्डिंग्ज दिसतात. पूर्वी त्यांवर क्लबहाऊस आणि स्विमिंग पूल असायचा. आता थेट मास्टर बेडरूमची बाथरूम. पांढराशुभ्र टब, कडेला मेणबत्ती आणि खिडकीबाहेर धुक्यातली हिरवी टेकडी. (ती रामटेकडी नाही, एवढं नक्की.)

मगरपट्ट्यात, अमानोरात, मांजरी-फुरसुंगीच्या बाजूला नुकतं पझेशन मिळालेल्या कुणाशीही इंटिरियरच्या गप्पा मारा, हा टब हमखास मध्ये येतो. लगेच पुढचा प्रश्न : कशाचा घ्यायचा? ॲक्रिलिक, फायबर, बीड, दगड की तांबं? शोरूमवाला तुमचं बजेट आणि टबाची चकाकी बघून उत्तर देणार. पण हडपसरमध्ये उत्तर द्यायला चार वेगळीच मंडळी बसलेली आहेत. तुमचा स्लॅब, तुमचा गीझर, सोसायटीचं पाणी आणि घरी बाथरूम धुणाऱ्या मावशींची घासणी. यांना न विचारता आणलेला टब सहा महिन्यांत धुवायचे कपडे टाकायच्या कामाला लागतो.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण हे गावच पाण्यावर वाढलं. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचं धरण झालं, मुठा उजवा कालवा हडपसरवरून पुढे गेला आणि इथे ऊस आला, भाजीपाला आला. आजही हा कालवा दौंड-इंदापूरच्या शेताकडे जातो. आज मगरपट्टा सिटी उभी आहे, तिथे मगर आणि शेजारच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांची शेती होती. सगळ्यांनी मिळून ४०० एकरांच्या वर जमीन एकत्र केली आणि २००० च्या सुमारास टाऊनशिपचं काम सुरू केलं. उसाच्या फडाला पाणी मोजून, पाळीनं मिळायचं. टॉवरमध्ये नळ फिरवला की येतं, म्हणून ते मोजायची सवय सुटली. मे महिन्यात गेटवर टँकरची रांग लागते, तेव्हा ती परत लागते.

टबाचा हिशेब सोपा आहे. साडेपाच फुटी टब नीट भरायला साधारण २०० लिटर पाणी जातं. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष आहे माणशी दिवसाला १३५ लिटर. म्हणजे तुमची एक आंघोळ दीड माणसाचं दिवसभराचं पाणी पिते. आषाढात दोन्ही पालख्या हडपसरला येतात. इथून ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणीकडे जाते. दिंड्यांबरोबर पाण्याचे टँकर असतात. एका टँकरवर किती जण तोंड-हात-पाय धुऊन पुढे निघतात, ते बघा एकदा. टब घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. रोज भरणार की महिन्यातून दोनदा, एवढं आधी स्वतःशी ठरवा. महिन्यातून दोनदाच भरणार असाल, तर लाखाचा टब कशाला?

आता स्लॅब. हा भाग बोअरिंग आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडच्या मानकानुसार घरातल्या खोल्या आणि बाथरूम यांचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. साडेपाच फुटी टबाखाली सव्वा ते दीड चौरस मीटर जागा येते, म्हणजे तेवढ्या जागेचा वाटा अडीचशे-तीनशे किलो. ॲक्रिलिकचा टब चाळीसेक किलोचा, त्यात २०० लिटर पाणी आणि सत्तर किलोचे तुम्ही. झाले ३१०. बाकीची बाथरूम रिकामी असते, त्यामुळे हे बहुतेक ठिकाणी निभतं. बिडाचा टब दीडशे किलोच्या पुढे सुरू होतो, म्हणजे भरल्यावर चारशेच्या वर. आणि अख्ख्या दगडातून कोरलेला संगमरवरी टब? त्याचं नुसतं वजनच टनाच्या आसपास जाऊ शकतं. त्यात आपल्या बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो भार आधीच बसलेला आहे. त्यामुळे ॲक्रिलिक सोडून दुसरं काहीही डोक्यात असेल, तर सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार, दोन्ही हातात घ्या. इंटिरियरवाल्याचं ‘काही होत नाही सर’ हा लेखी होकार नव्हे.

बिडाबद्दल मला हळवा कोपरा आहे, कबूल. बिडाच्या तव्यावरची भाकरी खाल्लेल्या माणसाला तो असणारच. या टबावर आतून इनॅमलचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या काचेसारखा थर असतो. अमेरिकेत कोहलर कंपनीच्या संस्थापकानं १८८३ मध्ये जनावरांच्या बिडाच्या डोणीवर असाच मुलामा चढवून ती आंघोळीचा टब म्हणून विकली, अशी त्यांची गोष्ट आहे. हा थर दोन पिढ्या टिकतो. टब पहिल्यांदा स्वतः गरम होतो, पाण्याची ऊब खातो, पण एकदा तापला की सोडत नाही. बंगला असेल, तळमजला असेल, तर जरूर विचार करा. बाराव्या मजल्यावर मात्र तो चढवायला चार-सहा माणसं लागतात, आणि लिफ्टमध्ये बसेल की नाही ते टेपनं आधी मोजावं लागतं. पत्र्याच्या टबावरही इनॅमलच असतं, पण त्याला बिडाची सर नाही. आजोबांचं निळ्या काठाचं टमरेल आठवा. एकदा हातातून पडलं की टवका उडायचा आणि तिथून गंज. पत्र्याच्या टबात शॅम्पूची जड बाटली पडली की तीच कथा.

राहिले ॲक्रिलिक आणि फायबर. हे दोन शोरूममध्ये शेजारी ठेवले तर भाऊ वाटतात, आणि खरी फसवणूक इथेच होते. ॲक्रिलिकमध्ये वरचा रंगीत थर हा एक अख्खा पत्रा असतो. तो तापवून साच्यात ओढतात आणि मागून फायबरचा थर देऊन ताकद आणतात. नुसत्या फायबरच्या टबावर वरून जेलकोटचा पातळ लेप असतो. तो काही वर्षांत निस्तेज होतो, पिवळा पडतो, केसासारख्या भेगा दाखवतो. दुकानात टब उलटा करायला सांगा. मागचा थर सगळीकडे सारखा आहे का, कडेला किती जाडी आहे ते बघा. मग सरळ ठेवून तळावर गुडघा टेकून दाबा. तळ डब्यासारखा ‘टप्प’ वाजला किंवा खाली गेला, तर पुढच्या दुकानात चला. आणि घरी बसवताना तळ अधांतरी राहता कामा नये. गवंडी नुसती कडेला विटांची भिंत घालून मोकळा होतो. तळाखाली मॉर्टरची गादी किंवा कंपनीची फ्रेम हवीच.

हडपसरच्या बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं. काळ्या दगडातून आलेलं हे पाणी जड असतं, टब वाळला की पांढरे डाग उमटतात. मग मावशी काय करणार? ॲसिड आणि तारेची घासणी. ॲसिडनं इनॅमलची चकाकी जाते, घासणीनं ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत मळ बसतो. ॲक्रिलिकचा एक फायदा म्हणजे बारीक ओरखडे पॉलिशनं निघतात. पण नेलपॉलिश रिमूव्हर त्यावर सांडू देऊ नका, तो पृष्ठभागच विरघळवतो. आंघोळ झाली की मऊ फडक्यानं टब पुसायचा, डागाला थोडं व्हिनेगर लावून लगेच धुवायचं. हे रोज जमणार नसेल तर काळा किंवा गडद टब विसरा, त्यावर डाग सगळ्यात आधी दिसतात.

गीझरचं गणितही करून टाका. २५ लिटरचा गीझर ६५ अंशांवर तापला, तर त्यातून आंघोळीच्या ४० अंशांचं साधारण ६५ लिटर पाणी होतं. म्हणजे टबासाठी तीन फेऱ्या, दर फेरीला अर्धा-पाऊण तास. तिसरी फेरी येईपर्यंत पहिली गार. ॲक्रिलिक उष्णता हळू सोडतं म्हणून निदान थोडा धीर धरतं, पत्रा नाही धरत. गच्चीवर सोलर असलेल्या सोसायट्यांत हे सुसह्य होतं, पण तेव्हाही शेजाऱ्यांच्या आधी नंबर लावावा लागतो.

तांब्याचा टब फोटोत कातिल दिसतो, यात वाद नाही. पण तांब्याचा आणि आपला संबंध टबापेक्षा जुना आहे. न्हाणीघरात बंब पेटायचा, घंगाळात पाणी विसण घालून बसायचं आणि तांब्यानं अंगावर घ्यायचं. ही भांडी घडवणारी तांबट आळी आजही कसबा पेठेत आहे, हडपसरहून रविवारी सकाळी निघालात तर गर्दीच्या आत पोचता. चांगलं ठोक्याचं घंगाळ एक आणून बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवा. दिवाळीच्या पहाटे तेल-उटण्याची आंघोळ टबात करायला गेलात, तर टब निसरडा होतो आणि उटण्याचा भुसा जाळीत जाऊन बसतो. ती आंघोळ पाट-घंगाळावरच बरी. आई-आजींनाही अठरा-वीस इंचांची कड ओलांडायला लागत नाही.

तरीही टबच ठरला असेल, तर माझं मत सरळ आहे : फ्लॅटला चांगल्या जाडीचं ॲक्रिलिक, पाच किंवा साडेपाच फूट, पांढरा रंग. बाजूला एक फूटभराचं झाकण ठेवून घ्या, म्हणजे पाइप गळला तर टाइल्स फोडाव्या लागणार नाहीत. टाइल्स लावण्याआधी टब काठोकाठ भरून रात्रभर ठेवा, आणि सकाळी चहाच्या वेळी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडे बघून या. दुकानातही लाजू नका. बूट काढा आणि टबात आडवे होऊन बघा. पाठ टेकते का, पाय पसरतात का, उठताना हात कशाला धरायचा. विक्रेते हसतील, हसू देत.