वेताळाचा झाकलेला हात

सकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या बैठकीच्या खोलीत पूर्वेचं ऊन तिरकं येतं. भिंतीवरच्या त्या फ्रेमपर्यंत ते पोचत नाही; पोचू नये अशीच जागा मी तिच्यासाठी शोधली आहे. पण खोली उजळते आणि त्या उजेडात कागदावरच्या काळ्या शाईला उठाव येतो. चहाचा कप घेऊन मी समोर उभी राहते. नऊ वर्षं झाली, हा नेम मोडलेला नाही.

फ्रेममध्ये वर्तमानपत्रातली, वेताळ या चित्रकथा-नायकाची एक चित्रपट्टी आहे. छापलेली नाही, मूळ. चित्रकार साय बॅरींच्या चित्रशाळेत जाड कागदावर ब्रशने आणि टाकाने रेखाटलेली, दोन वितींहून जराशी लांब. पहिल्या चौकटीत दाट जंगल, दुसऱ्या चौकटीत झाडाला टेकून उभा वेताळ, तिसऱ्यात जीव घेऊन पळणारे दोन दरोडेखोर. कोपऱ्यात महिन्याचा आणि तारखेचा आकडा. वितरण करणाऱ्या संस्थेच्या नावाची चिठ्ठी एका कडेला चिकटवलेली, आणि जुन्या डिंकाचा चहासारखा डाग चिठ्ठीच्या चारी बाजूंनी बाहेर आलेला.

माझ्या पिढीला वेताळ भेटला तो 1964 साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून. दादा ती पुस्तकं दिवसाच्या भाड्याने आणायचा. त्याचं वाचून झालं की संध्याकाळी परत करण्याआधीचा अर्धा तास माझा. ली फॉक नावाच्या माणसाने हा नायक 1936 मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी जन्माला घातला, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? आमच्यासाठी तो डेंकालीच्या जंगलात राहत होता आणि त्याचा अंगरखा जांभळा होता, बस्स. पुढे कळलं की डेंकाली हे नावही इंद्रजालवाल्यांनीच बदलून घेतलेलं. रोजच्या पट्ट्या कापून त्यांची पानं जुळवली जात. पानात बसवण्यासाठी कुठे चौकटीची कड छाटायची, कुठे ती वाढवायची. म्हणजे लहानपणी जे जंगल मी जीव लावून पाहिलं, ते पुष्कळदा कडेने कापलेलं होतं. माझ्या पट्टीतल्या पहिल्या चौकटीत डावीकडे एक वेल आहे, खाली उतरत उतरत पाण्याला टेकणारी. ती वेल मी पहिल्यांदा पाहिली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

आणि जांभळा रंग? तो कुठेच नाही. रोजची पट्टी काळ्या-पांढऱ्यातच निघायची. आधी मला चुटपुट लागली होती, आता वाटतं की रंग नाही म्हणूनच हात दिसतो. खांद्यावरची रेषा एका दमात ओढलेली आहे. सुरुवातीला केसासारखी बारीक, मध्ये भरदार, शेवटी ब्रशमधली शाई संपत आल्याने खरखरीत. झाडाच्या सालीवर तोच कोरडा ब्रश मुद्दाम घासलेला आहे. संवादांच्या अक्षरांखाली पेन्सिलीच्या समांतर रेषा पुसायच्या राहून गेल्यात. छपाईत यातलं काहीही उतरत नाही. छापलेलं चित्र गोष्ट सांगतं आणि पुढे जातं. मूळ चित्रात ती गोष्ट सांगणारा माणूस अजून टेबलापाशी बसलेला असतो.

या पट्टीने मला सगळ्यात मोठा आनंद दिला तो ती घरी आल्याच्या सहाव्या वर्षी. पावसाळ्यात फ्रेमच्या आत बुरशीचा ठिपका दिसला म्हणून काच काढली आणि कागद जपून खिडकीशी धरला. दुसऱ्या चौकटीत वेताळाच्या हाताशी पांढऱ्या रंगाचा लेप आहे, हे मला माहीत होतं. बोट फिरवलं नाही तरी डोळ्यांना तो जाडसर लागतोच. पण मागून उजेड आला तसा त्या लेपाखाली दुसरा हात दिसायला लागला. तो कमरेच्या पट्ट्यावर, पिस्तुलाशी होता. चित्रकाराने तो काढला, शाईने पक्का केला, मग पाहिला, आणि झाकून टाकला. त्याऐवजी हात वर नेला, झाडाच्या बुंध्यावर ठेवला. पिस्तुलाला हात न लावता वेताळ नुसता उभा आहे, आणि दरोडेखोर पळताहेत! त्या एका दुरुस्तीने सगळी पट्टी बदलली.

बॅरी यांनी 1961 ते 1994 अशी तेहेतीस वर्षं वेताळ काढला. हाताशी मदतनीस होते, पण आठवड्याला सहा पट्ट्या आणि रविवारचं पान वेगळं, असं ते जातं होतं. दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणाऱ्या कागदावर दोन इंच उंचीला छापलं जाणार, हे ठाऊक असताना कुणीतरी तो हात पुन्हा काढला. मी त्या दिवशी खिडकीशी बराच वेळ उभी होते.

अशी चित्रं उरली हेच नवल. छपाईची प्लेट तयार झाली की मूळ कागदाचं काम संपलं, असा तेव्हाचा रिवाज. कुणी भेटीला आलं की देऊन टाकायचे, नाहीतर गोदामात, नाहीतर कचऱ्यात. जॅक कर्बी यांच्यासारख्या चित्रकाराला स्वतःचीच पानं परत मिळवायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आणि 1987 मध्ये हाती आली ती दोन हजारांच्या आसपास. काढली होती त्याच्या कितीतरी पट. आता वारं उलटं फिरलंय. माइक झेक यांनी काढलेलं स्पायडरमॅनचं 1984 मधलं एक आतलं पान 2022 च्या जानेवारीत 33 लाख 60 हजार डॉलरला गेलं. मला त्याहून मोठी वाटते ती 2008 सालची गोष्ट. स्पायडरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा आला, त्याची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली सगळी 24 मूळ पानं कुणीतरी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. नाव न सांगता. भाव येणार म्हणून जी माणसं चित्रं तिजोरीत ठेवतात, त्यांचं मला वाईट वाटतं. चित्र रोज डोळ्यांपुढे हवं. माझी पट्टी एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत आली, भाच्याने ती दिवाळीला येताना दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून बॅगेतून आणली. मोबाईल त्यानंतर तीन झाले.

दादा आला की आधी फ्रेमपाशी जातो. मागच्या खेपेला मी त्याला तो झाकलेला हात दाखवला. काही न बोलता त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

आपल्याकडे हा ठेवा कमी नाही. शि. द. फडणीसांची मूळ चित्रं ज्यांनी प्रदर्शनात पाहिली, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. ‘अमर चित्र कथा’मधला कृष्ण आणि पुढे सुपंडी रेखाटणारे राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगवणारे दीनानाथ दलाल. आणि यांच्याखेरीज छापखान्यांसाठी, मुलांच्या मासिकांसाठी आयुष्यभर चित्रं काढलेली कितीतरी माणसं, ज्यांची नावंही अंकात जेमतेम कोपऱ्यात छापली जायची. त्यांचे कागद कुठल्या तरी माळ्यावर, ट्रंकेत, बंद पडलेल्या छापखान्याच्या कपाटात आहेत. तुमच्या घरी असा एखादा कागद सापडला तर रद्दीत घालू नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, डाग पुसायला जाऊ नका. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, कसर आणि ओल यांपासून जपा, आणि झालंच तर उन्हाची तिरीप येणार नाही अशा भिंतीवर लावा. पण त्याआधी एकदा तो खिडकीशी धरून पाहा.