कायमचा पत्ता

अर्ज भरताना पहिल्यांदा अडलो तो 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी.

आमचं घर फलटण तालुक्यातल्या एका वाडीवर. घर म्हणजे दोन खणांचं, वर पत्रा, आणि वर्षातले सात-आठ महिने दाराला कुलूप. दसरा सरला की आमचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे वास्तू नव्हे. आबा, आई, चुलता-चुलती, दोन घोडी, तीन कुत्री, कोंबड्यांची पाटी आणि शंभर-सव्वाशे मेंढरं, एवढ्या सगळ्याला मिळून आम्ही धनगर वाडा म्हणतो. लोणंद, नीरा, जेजुरीला खंडोबाचा आणि बानूबाईचा भंडारा, मग दिवेघाट उतरून पुण्याच्या कडंकडंनं मुळशीकडं आणि तिथून घाट उतरून कोकणात. मिरगाच्या आत परत. म्हातारी आजी वाडीवर राहायची, तिच्याजवळ राहून मी शिकलो, म्हणून माझ्या नशिबी शाळा आली. माझ्या धाकट्या चुलत्याच्या पोरांच्या नशिबी ती कधी तीन महिने आली, कधी आलीच नाही.

मी पुण्यात चित्रकलेच्या महाविद्यालयात जी.डी. आर्ट केलं. उपयोजित कला. ते संपल्यावर नारायण पेठेत एका फ्लेक्स छापणाऱ्याकडं कामाला लागलो. दिवसभर कॉम्प्युटरवर वाढदिवसांचे फलक करायचे. 'भावी नगरसेवक' हा शब्द मी त्या वर्षात किती वेळा टाईप केला असेल ते खंडोबालाच ठाऊक. साहेबांच्या गळ्यातली साखळी जरा जाड कर, असं सांगणारे कार्यकर्ते यायचे. मी करून द्यायचो. पोटाला लागत होतं आणि काम वाईट नव्हतं, पण माझं मन त्यात नव्हतं.

मन कुठं होतं ते सांगतो. शाळेत असताना दूध डेअरीच्या जुन्या वहीच्या कोपऱ्यात मी एक मेंढरू काढलं होतं. पुढच्या पानावर तेच, पण पाय जरा सरकवलेला. असं करत वही भरली. अंगठ्याखालून पानं सोडली की मेंढरू चालायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं पुण्यात कळलं की याला ॲनिमेशन म्हणतात, सिनेमात एका सेकंदाला चोवीस चौकटी पळतात, आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी ठेवलं तर सेकंदाला बारा चित्रांत भागतं. हेही कळलं की दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढायच्या आधी भांडवल मिळावं म्हणून वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली होती. कुंडीतलं रोप लोकांच्या डोळ्यांसमोर भराभरा वाढलं. पुढं १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला, त्यात चक्क आगपेटीतल्या काड्या हलतात. आणि १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीनं पुण्यात 'जंबूकाका' नावाचं व्यंगचित्र केलं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या ज्या आवारात प्रभात होती तिथं आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. रविवारी सायकलवरून तिथून जाताना मी उगीच पाय टेकायचो. ज्या गावात पोटापाण्याला आलो, त्या गावात माझं हे येडेपण कुणीतरी आधी करून ठेवलंय, एवढाच त्यातला दिलासा.

मुंबईला पवईत आयआयटीचं इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर आहे, १९६९ पासूनचं. तिथं ॲनिमेशनची पदव्युत्तर पदवी आहे. त्यासाठी 'सीड' नावाची परीक्षा. नियम वाचायला बसलो तर माझ्यासारख्या जी.डी. आर्टवाल्याला एक वर्षाचा कामाचा अनुभव हवा होता. पदवीवाल्याला ती अट नव्हती. म्हणजे ते भावी नगरसेवक वाया गेले नव्हते! मालकानं अनुभवाचं पत्र स्वतःच्या हातानं लिहून दिलं. 'सदर इसम होतकरू असून साखळ्या उत्तम करतो,' असं गमतीनं लिहायला निघाला होता, मी हात धरला.

खरी अडचण पुढं होती. आम्ही धनगर राज्याच्या यादीत भटक्या जमातीत, 'एनटी-क'. केंद्राच्या यादीत मात्र ओबीसी. त्यामुळं राज्याचा दाखला तिथं चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो, नॉन-क्रीमीलेअरसकट आणि ताजा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, आणि या सगळ्यासाठी वडिलांची सही. स्वयंघोषणापत्रावर, समक्ष. दाखला काढून देणाऱ्या केंद्रावरच्या पोरानं विचारलं, "वडील कुठं असतात?"

मी म्हणालो, "आज भूगावच्या आसपास असतील."

"नोकरीला?"

"मेंढरामागं."

त्यानं माझ्याकडं वर बघितलं आणि पुन्हा खाली बघून टाईप करायला लागला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात त्यानं 'शेती' टाकलं. मी म्हटलं, मेंढपाळ टाका. म्हणाला, यादीत नाही. तसा तो भला होता, पण पहिल्या खेपेला त्यानं राज्याच्याच नमुन्यातला दाखला काढला. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा चार दिवस गेले होते. अर्जाची मुदत सरायला आठ दिवस, मधे दिवाळी, कचेऱ्या बंद. पुन्हा सगळं पहिल्यापासून, पुन्हा नव्या कागदावर आबांची सही.

आबांकडं मोबाईल होता, पण तो चार्ज व्हायचा चहाच्या टपरीवर, तोही टपरीवाला माणसातला असला तर. दोन दिवस फोन बंद. तिसऱ्या दिवशी मी कागद पिशवीत घालून, मालकाची मोटारसायकल मागून निघालो. चांदणी चौकाच्या पुढं गेल्यावर धनगर शोधायची आमची रीत वेगळी आहे. माणसांना विचारायचं नाही, रस्त्यावरच्या लेंड्या बघायच्या. ओल्या आहेत का वाळल्या, ट्रकच्या चाकाखाली किती चिरडल्यात, त्यावरून वाडा किती लांब गेला ते कळतं. पिरंगुटच्या पुढं एका कंपनीच्या कुंपणाच्या आत डोकावणारी आमची काळी घोडी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

एका भातखाचरात मेंढरं बसवलेली होती. भात निघालं होतं, खताच्या बदल्यात मालक धान्य आणि वर थोडे पैसे देणार होता. वाघर लावून झाली होती. आईनं तीन दगडांवर तवा टाकलेला. मला बघून ती आधी घाबरली. अवेळी आलेलं पोरगं म्हणजे काहीतरी वंगाळ, हा आमच्याकडचा हिशेब.

"काय रं, आजी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. आबांची सही पायजे."

"पुन्यांदा?" आबा म्हणाले. "मागल्या आठवड्यात दिली की. ती काय झाली, पुसली?"

आबांची सही म्हणजे सोपा मामला नाही. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ते तेवढं शिकले. नावातली पाच अक्षरं ते एकेक करून, मधे श्वास घेऊन काढतात. बॅटरीच्या उजेडात, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी ती काढली. सही झाल्यावर हात मांडीला पुसले, जसे कोकरू वेतवून झाल्यावर पुसतात.

जेवण झाल्यावर आबांनी विचारलं, "ह्ये नक्की कशाचं शिक्षाण हाय?"

मला सांगता येईना. व्हिज्युअलायझेशन या शब्दाला त्या खाचरात काय म्हणायचं? मग पिशवीतून परीक्षेनंतर दाखवायच्या कामांची फाईल काढली. तीत केळकर संग्रहालयात बसून काढलेले अडकित्ते आणि दिवे होते, स्वारगेटच्या स्टँडावर झोपलेली माणसं होती. आबांनी ती पानं भराभरा उलटली. तळाशी बारा चित्रांची एक शिवलेली चोपडी होती. मेंढराची चाल. तीच जुनी हौस, आता नीट कागदावर, नीट शाईनं. मी अंगठ्याखालून पानं सोडली. पुन्हा सोडली.

आबा वाकून बघत राहिले. म्हणाले, "पुन्हा कर."

केलं.

"ह्ये मेंढरू लंगडतंय."

मी हसलो. म्हटलं, चित्र आहे ते.

"चित्तार असंल. पर उजव्या म्होरल्या पायाला काटा हाय त्याच्या. त्यो पाय टेकला का लगीच उचालतंय. बाकीचं तीन पाय निवांत हायत."

मी पानं मोजली. अकरा! महिन्यापूर्वी खोलीवर एका पानावर चहा सांडला होता आणि मी ते फाडून टाकलं होतं. एका सेकंदाचा बारावा भाग, कुणाला कळतंय, असं म्हणून. ते पान नेमकं उजवा पुढचा पाय जमिनीवर असतानाचं होतं. एक चित्र कमी, म्हणून त्या पायावर भार कमी वेळ, आणि दुखऱ्या पायाचं जनावर नेमकं तेच करतं. माझ्या सरांनी ती चोपडी बघितली होती, मित्रांनी बघितली होती. सगळे छान म्हणाले होते.

मग आबा उठले. त्यांनी वाघरातून एक दख्खनी मेंढी बाहेर काढली आणि बॅटरीच्या उजेडात तिला माझ्यासमोरून चालवली. "बघ. मागचा डावा, मग म्होरला डावा. मागचा उजवा, मग म्होरला उजवा. अन् मान बघ. तुज्या मेंढराची मान खुट्ट्यावानी उभी हाय. चालताना मान वरखाली व्हती, पान्यावर हेलकावल्यागत." ती मेंढी वैतागून दोनदा परत फिरली. चुलता म्हणाला, रात्रीचं जनावर झोपू द्या की. आबांनी ऐकलं नाही. मी मोबाईलच्या प्रकाशात कागदावर रेघा ओढत होतो आणि आई तवा घासता घासता आम्हा दोघांकडं बघत होती. आबा माझ्या कामाबद्दल एवढं बोलले ती पहिली वेळ. त्याआधी ते फक्त 'पैसं पुरत्यात का' एवढंच विचारायचे.

पैसे. लॅपटॉपसाठी त्यांनी सहा मेंढरं विकली होती. मला ते माहीत होतं. कोणती सहा ते मी विचारलं नव्हतं, कारण आमच्याकडं मेंढरांना नावं असतात.

दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी मिळाला. अर्ज गेला. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात शेवटी वाडीचाच पत्ता घातला.

जानेवारीत पुण्यातच परीक्षा झाली. एकूण तीन तास. पहिला भाग कॉम्प्युटरवर, आकडे आणि पर्यायांचे प्रश्न, आकृत्या डोक्यात फिरवून उत्तर द्यायचं. दुसरा भाग हातानं, कागदावर. मी पहिल्या भागात घाईगडबड केली. दुसऱ्या भागात मात्र हात सुटला, असा सुटला की पर्यवेक्षक माझ्या मागं येऊन थांबला. बाहेर आलो तेव्हा वाटलं, झालं.

नव्हतं झालं. या परीक्षेत पहिल्या भागात ठरावीक गुण पडले नाहीत तर दुसरा भाग तपासतच नाहीत. माझे थोडक्यात गेले.

आबांना हे सांगायला महिना लागला. ते तेव्हा कोकणात होते, रेंज नव्हती. एका संध्याकाळी माणगावच्या बाजूच्या कुठल्यातरी टपरीवरून त्यांचाच फोन आला. मी सांगितलं.

"म्हंजी तू काढल्यालं त्यांनी बघितलंच न्हाई?"

"न्हाई."

पलीकडं बराच वेळ फक्त ट्रकचा आवाज. मग म्हणाले, "मग हरला कसा म्हनायचं?"

याला उत्तर आहे. नियम आधीच छापलेले असतात, मी ते वाचले होते, आणि हजारोंचे कागद तपासायचे तर कुठंतरी चाळण लावावीच लागते. फ्लेक्सच्या दुकानात बसून मी हे स्वतःला पुष्कळदा समजावलं. तरी आबांचा प्रश्न माझ्या बाजूनं होता, म्हणून मला तोच आवडला. त्या वर्षभर मी रात्री आकड्यांची गणितं सोडवली. आप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणली. पुढच्या खेपेला पहिला भाग निघाला, दुसराही, आणि पवईच्या मुलाखतीला मी ती चोपडी घेऊन गेलो. बारा पानांची. मुलाखतीतलं फारसं आठवत नाही. एका बाईंनी चोपडी दोनदा सोडून बघितली आणि शेजारच्यांकडं दिली, एवढं आठवतं.

पण ते पुढचं. त्या मधल्या जूनमध्ये, पाऊस पडायच्या आत वाडा परतला तेव्हा मी वाडीवर गेलो होतो. कातरणी चालू होती, अंगणभर काळी लोकर. मी आबांना म्हणालो, दिवाळीच्या टायमाला पुन्हा दाखला काढावा लागंल, वर्षाचा जुना चालत न्हाई.

आबांनी कातर खाली ठेवली. हात धुतले, धोतराला पुसले.

"तवा मी कुठं आसन काय म्हाईत," ते म्हणाले. "कोरं कागद आन."

चार कागदांवर त्यांनी खाली कोपऱ्यात सह्या करून दिल्या. प्रत्येक सहीला पाच अक्षरं, मधे श्वास. कोऱ्या कागदावर सही करू नये हे मी त्यांना सांगणार होतो. नाही सांगितलं. अर्थात तसल्या कागदावर काही काढता येत नसतं, दिवाळीत मी पुन्हा मोटारसायकल मागून लेंड्या बघत मुळशीपर्यंत गेलोच. ते चारही कागद माझ्याकडं तसेच आहेत, त्यातल्या एकाला लोकर चिकटलेली आहे.