शुश्रूषा

'शुश्रूषा' हा शब्द आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवला आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द सिद्ध होतो. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा; तिच्यातून आज्ञापालन, आज्ञापालनातून सेवा. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून तो फळ्यावर शोभतो. फळ्याबाहेर त्याची आमची गाठ पडली ती २०१४ साली, वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हा.

उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. नाकातून नळी घातलेली. दोन दिवसांतच आम्ही त्यांच्याशी बोलणे सोडले. भेटायला येणाऱ्यांशी त्यांच्याविषयी बोलू लागलो, तेही त्यांच्या उशाशी उभे राहून. रात्रपाळीच्या सिस्टर मात्र त्यांच्याशी बोलत. "आजोबा, आता डाव्या कुशीवर घेते हं. हात गार लागेल माझा." मग चादरीच्या सुरकुत्या काढत, गुडघ्यांमध्ये उशी देत, माकडहाडाशी आणि टाचांवर बोट दाबून पाहत. दाबल्यावर लाली क्षणभर नाहीशी झाली तर ठीक. तशीच राहिली तर ती शय्याव्रणाची पहिली खूण. दर दोन तासांनी हे चाले, आणि दर वेळी आधी सांगणे.

तिसऱ्या रात्री वडिलांनी डाव्या हाताने ओठांकडे खूण केली. गिळण्याची क्रिया बिघडल्यामुळे तोंडावाटे काही द्यायचे नाही, असे आम्हाला बजावले होते. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. आम्ही दोन चमचे पाणी पाजले. जोराचा ठसका लागला, ओठ निळसर पडले. सिस्टर धावत आल्या. त्यांनी खाटेची उशाकडची बाजू उचलली, सक्शन मशीनने घसा मोकळा केला, बोटाला क्लिप लावून प्राणवायू पाहिला, डॉक्टरांना बोलावले. श्वास ताळ्यावर आल्यावर त्या केसपेपर घेऊन बसल्या.

"सिस्टर, हे लिहिलंच पाहिजे का?" आम्ही विचारले. विचारताना आपण काय मागतो आहोत, ते आम्हाला कळत होते.

"लिहायलाच हवं, सर. उद्या ताप आला तर सकाळच्या सिस्टरला कळायला नको का, कशामुळे आला ते?" मग थोड्या वेळाने, "त्यांना तहान लागलीय हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. ओलं गॉज घट्ट पिळून तोंड आतून पुसत जा."

त्यांची नोंद चार ओळींची होती. वेळ, कोणी काय दिले, काय झाले, काय केले. विशेषण एकही नव्हते. आमच्या चुकीवर पांघरूण नव्हते आणि तिचा पंचनामाही नव्हता.

पुढे कुतूहलाने आम्ही या विद्येची पुस्तके चाळली. चरकसंहितेने चिकित्सेच्या चार पादांमध्ये परिचराला वैद्याच्या पंक्तीला बसवले आहे आणि त्याचे चार गुण सांगितले आहेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने विसाव्या शतकात केलेली व्याख्या प्रसिद्ध आहे. अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर रोग्याने स्वतः जे केले असते, ते त्याच्यासाठी करावे, आणि त्याला लवकरात लवकर आपली गरज उरू नये असे पाहावे. या व्याख्येतला 'इच्छा' हा शब्द आम्हाला अडवतो. जो बोलूच शकत नाही त्याची इच्छा ऐकायची कशी?

येथे अरुणा शानबाग आठवल्यावाचून राहत नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर १९७३ साली तेथेच अमानुष हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्यांच्यानंतर आलेल्या पिढ्यांनी, त्यांना सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नमूद आहे. त्याच निकालाने काही अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट मोकळी केली. अरुणांसाठी केलेली मागणी मात्र फेटाळली, आणि तसे करताना त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या मताला वजन दिले. त्या सेवेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरीही अरुणांना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच ऐकता आले नाही, ही बोच राहते.

वडिलांना दोन दिवस ताप आला. केसपेपरवरची ती नोंद वाचून उपचार वेळेत सुरू झाले. पुढे आठ महिने ते घरी होते. कूस बदलण्याआधी आम्ही त्यांना सांगत असू. आरंभी संकोचाने, नंतर सवयीने. शेवटच्या महिन्यात त्यांनी दोनदा नाकातली नळी ओढून काढली. दोन्ही वेळा आम्ही ती पुन्हा घालवून घेतली. नळी नुसती टोचत होती, की ते काही सांगत होते? विद्यार्थ्यांना 'शुश्रूषा' शिकवताना आता आम्ही फळ्याशी थोडे अधिक थांबतो.